खांब पुन्हा कलला

गेल्या खेपेला छाती फुगवून लिहिलं होतं, आमच्या खो-खोच्या मैदानावरच्या खांबांचा विषय मिटला म्हणून. नाही मिटला. शुक्रवारच्या पावसानंतर देवळाकडचा खांब पुन्हा आत झुकला. ओळंबा सोडला तर वरच्या टोकाला दीड इंचाचा फरक. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण आमची कप्तान खांब धरून सूर मारायला गेली आणि खांब हातातच हलला. उठून तिनं गुडघे झटकले आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

पहिल्यांदा नुसता गाडला होता. दुसऱ्यांदा काँक्रीट ओतलं. काँक्रीटला तडासुद्धा गेला नाही, अख्खा गठ्ठाच कलला! तासगावकडचं काळं रान. उन्हाळ्यात पंजा जाईल एवढी भेग पडते आणि पाऊस झाला की तीच माती फुगून गठ्ठ्याला ढकलते. पाणी मुरतं देवळाच्या बाजूला, म्हणून कलतोही तोच खांब. एवढं कळायला दोन पोती सिमेंट गेलं.

उपाय सांगितला द्राक्षाच्या मंडपाचे अँगल रोवणाऱ्या मामांनी. "सर, तुमी खांबापुरताच खड्डा काढताय. माती ढकलणार न्हाय तर काय? बाजूनं मुरूम भरा, त्यो फुगत न्हाय."

आता अडीच फूट रुंद, साडेतीन फूट खोल खड्डा काढलाय. काळी माती सगळी बाहेर. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं, पाणी मारून, धुमसानं चोपून. मधोमध चार इंची पाइप, त्यात खांब आणि फटीत लाकडी पाचर. पाचर जरा मोठीच ठेवलीय, लाकूड वाळलं की ढिली पडते. जमिनीवर १२० सेंमी ठेवलाय. पावसाळ्यात खांब उपसून शाळेच्या व्हरांड्यात ठेवता येईल, कुजायचा प्रश्न नाही. पाइपचं तोंड मात्र जमिनीच्या खालीच हवं, नाहीतर पोरींच्या नडग्या जातील.

नी-पॅडबद्दल बोलायलाच नको. शहरातल्या दुकानातून आणले, आठ दिवसांत वेल्क्रो निघाला. गावातल्या शिंप्यानं इलॅस्टिक लावून दिलं, ते टिकलंय.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आपल्या मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला, तोही मॅटवर. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येकीला मॅट पाहिजे. मी म्हणतो, आधी खांब सरळ राहू दे.

रविवारी मात्र मजा आली. सगळ्यात बारकी, सहावीतली, एकटी उरली आणि साखळी खेळत, म्हणजे बसलेल्या पोरींच्या मधून नागमोडी पळत, दोन मिनिटं दहा सेकंद टिकली. पाटीवर बसलेल्या, तिला बाद करायला आलेल्या पोरीच टाळ्या वाजवायला लागल्या. फाऊल द्यावा की नको, मलाच कळेना.

आणि हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: मैदानच चार मीटर शाळेकडं सरकवलं तर? तिकडं पाणी थांबत नाही. २७ बाय १६ मीटरचं मैदान बसतंय का, उद्या सकाळी टेप धरून बघतो. बसलं तर हा खड्डा वाया गेला, आणि मुरमाची अजून एक ट्रॉली. मामांना अजून सांगितलेलं नाही.