काका, सीडीआर नाहीये, पीडीएफ आहे

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाची ६४ पानांची स्मरणिका छापायला दिली आणि पेनड्राइव्ह लावल्या लावल्या प्रेसवाल्या काकांनी विचारलं, "सीडीआर कुठाय?" सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल. म्हटलं काका, सीडीआर नाहीये, पीडीएफ आहे. मी आहेर न आणता पंगतीला बसलोय असं बघितलं त्यांनी चष्म्यावरून.

आमच्याकडे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणं, म्हटलं की कोरलच, दुसरं काही असतं हेच कुणाला माहीत नाही आणि त्यातलं विकत घेतलेलं किती हे विचारू नका. माझंही क्रॅकच होतं, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, उगाच साव कशाला बनू. मग एकदा नव्या लॅपटॉपवर टाकायला कुठूनतरी क्रॅक उतरवला तर त्याच्यासोबत व्हायरस आला आणि एका क्लासची अख्खी जाहिरात गेली. विकत घ्यावं म्हटलं तर वर्षातून चार कामं करणाऱ्याला परवडत नाही, आणि फोटोशॉपवाल्या अडोबीने तर २०१३ पासून नवीन व्हर्जन भाड्यानेच द्यायला सुरुवात केली, म्हणजे पैसे थांबले की काम थांबलं.

तर यावेळी ठरवून सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलं. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये, लोगो आणि जाहिराती इंकस्केपमध्ये, फोटो गिंपमध्ये आणि पानं स्क्रायबसमध्ये. गिंपचं तोंडभरून कौतुक मी करणार नाही, साधा फोटो उजळ करायचा तरी कुठल्या मेनूत काय आहे शोधत बसावं लागतं, पण काम होतं. स्क्रायबस दिसायला जुनाट आहे पण माझा जीव त्याच्यावरच बसला. आधी त्यात मराठी चालायचंच नाही, जोडाक्षरं तुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसायची. २०१७ च्या १.५.३ व्हर्जनमध्ये मजकूर मांडायचं इंजिनच नवीन आलं आणि २०२४ च्या जानेवारीत ते १.६ या स्टेबल व्हर्जनमध्ये सगळ्यांना मिळालं. गंमत म्हणजे ते काम ओमानमधल्या एका टीमने अरबीसाठी हातात घेतलं होतं, त्यांच्या पुण्याईने आपली वेलांटी जागेवर आली!

फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, मुक्ता आणि बालू, तेही ओपन लायसनचे, म्हणजे फुकट वापरता येणारे.

खरा घाम काढला तो जुन्या फायलींनी. मागच्या स्मरणिकांमधली अध्यक्षांची यादी, देणगीदार, आरत्या सगळं सीडीआरमध्ये. इंकस्केपने फायली उघडल्या हो, चौकटी बिकटी जागच्या जागी, पण मजकूर म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. कारण त्या जुन्या फॉन्टांत आतमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट नसला की सोंग उतरतं. म्हणजे इतकी वर्षं मला वाटायचं आपण कोरलला अडकलोय, प्रत्यक्षात अडकलो होतो फॉन्टला. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणारं खरं मराठी, केलं तर रफार शेजारच्या अक्षरावर, 'कार्याध्यक्ष' दर पानावर वेगळे. आई आणि मी दोन रात्री प्रूफ वाचत बसलो, तिला सगळे देणगीदार आडनावासकट पाठ म्हणून निभावलं.

आणि काकांनी एक चूक पकडलीच. प्रूफ काढलं तर एका जाहिरातीतल्या बारीक काळ्या अक्षरांना लालसर कड. "हा काळा चार रंगांचा आहे रे बाबा, एका प्लेटवर यायला पाहिजे." बरोबर होतं त्यांचं. इंकस्केप पीडीएफ आरजीबीत, म्हणजे छपाईच्या शायांऐवजी स्क्रीनच्या रंगांत, काढतं आणि मी ती तशीच पानात चिकटवलेली. घरी येऊन तीच जाहिरात एसव्हीजी म्हणून स्क्रायबसमध्ये आणली, तिचा काळा बदलून शंभर टक्के 'के', म्हणजे नुसती काळी शाई, केला, बाकी तीन शाया शून्य, आणि परत पीडीएफ काढली. अर्ध्या तासाचं काम, पण हे कुणी आधी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवतोय.

छपाई झकास झाली. गठ्ठे रिक्षात टाकताना काकांना विचारलं, काय मग, जमलं की नाही? म्हणाले, "जमलं की. पण पुढच्या वेळी सीडीआरच आण."