भाद्रपदातली बेसची वही

श्रावण, सोमवार

पावसाळा मुरला की बेसचा, म्हणजे चार जाड तारांच्या बेस गिटारचा, नेक (तारा ताणलेला लांब दांडा) हलतो. लाकडात ओलावा शिरतो, वर चारही तारांची ओढ असतेच, आणि गेल्या महिन्यात बोटाखाली मऊ लागणारी तार उंच होऊन बसते. बहुतेक नेक पुढे वाकतात, काही उलटे जातात. म्हणून आधी मोजायचं आणि मगच चावी हातात घ्यायची.

बेस पूर्ण सुरात लावून घ्यायचा. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकदम दाबून धरायची. आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांमधली फट साधारण ०.३ मिमी हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड तारेला न उचलता जेमतेम सरकलं की ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या दिशेने, तार टेकलेलीच असेल तर उलट दिशेने. एका वेळी अष्टमांश, फार तर पाव फेरा. मग पुन्हा सुरात लावायचं आणि पुन्हा मोजायचं. लाकूड रात्रभरात अजून थोडं सरकतं, त्यामुळे शेवटचं माप दुसऱ्या दिवशी. ॲलन की बहुधा ४ किंवा ५ मिमीची लागते, अमेरिकन बनावटीच्या बेसना इंचाची. जवळपासच्या मापाची चावी रेटली की नटाच्या आतल्या कडा गोल होतात आणि मग ते काम घरचं राहत नाही.

ट्रस रॉड पिळून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली आणणारे अजूनही भेटतात. ट्रस रॉडचं काम वाकापुरतं. उंची सॅडलच्या (बॉडीवरच्या ब्रिजमध्ये तार टेकते त्या तुकड्याच्या) स्क्रूने: सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी, ही सुरुवात चांगली. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी, नाहीतर स्टेजवर फ्रेट खडखडतात. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर सारखा दिसला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं.

श्रावण, गुरुवार

तारा. चार तारांचा नेहमीचा संच ४५, ६५, ८०, १०० किंवा शेवटची १०५, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. घाम आणि दमट हवा मिळून राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारांची चकाकी फार लवकर घालवतात, कारण मळ गुंडाळीच्या खाचांत बसतो. नवा संच स्वस्त नसतो, म्हणून जुन्या तारा काढून पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळायचा उपाय चालतो. मळ सुटतो, आवाज उजळतो, पण थोडेच दिवस. पूर्ण सुकल्याशिवाय परत चढवल्या तर गंज ठरलेला.

चढवताना तार खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटीमीटर जास्त ठेवून आधी काटकोनात मोडायची आणि मोडीच्या पलीकडे कापायची. सरळ तार कापली की आतला गाभा आणि वरची गुंडाळी एकमेकांवर घसरू शकतात, आणि मग ती तार कायम मेलेली वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली.

ॲक्टिव्ह बेस (आत सेलवर चालणारा प्रीॲम्प असलेला) असेल तर ९ व्होल्टचा सेल. केबल जॅकमध्ये खुपसली की प्रीॲम्प चालू होतो, वाजवा किंवा वाजवू नका. जेवणाच्या सुट्टीत केबल तशीच ठेवणं म्हणजे सेल जाळणं. नवा अल्कलाइन सेल मल्टिमीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवतो. कार्यक्रमाआधी आठच्या खाली दिसला तर बदलून टाकावा. सेल मरायला लागला की आधी जोरात वाजवलेले सूर फाटतात आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला दिला जातो.

पोळा, सराव

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात गायक ‘बी फ्लॅट’ म्हणत नाही, ‘काळी पाच’ म्हणतो, म्हणजे पेटीवर सी या सुरापासून मोजलेली पाचवी काळी पट्टी. बेसवाल्याने हा हिशेब ई तारेवर पाठ करावा: पांढरी चार पहिल्या फ्रेटवर, काळी तीन दुसऱ्या, पांढरी पाच तिसऱ्या, काळी चार चौथ्या, पांढरी सहा पाचव्या, काळी पाच सहाव्या, पांढरी सात सातव्या, पांढरी एक आठव्या, काळी एक नवव्या. मोकळ्या तारा जाडीकडून बारीकीकडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच.

वहीत कॉर्डची नावं न लिहिता सा, म, प, ध असे बेसचे सूर लिहिले तर गायिकेने ऐनवेळी ‘अर्धा खाली घ्या’ म्हटलं तरी पान तेच राहतं. सा ए तारेवर धरला की त्याच फ्रेटवर वरच्या डी तारेला मध्यम मिळतो आणि खालच्या ई तारेला मंद्र पंचम. सा, म, प यांवर उभी असलेली बरीच भावगीतं आणि भजनं एवढ्या जागेत निघतात. मोकळ्या तारांवर बसलेली सवय मात्र काळी एकमध्ये उघडी पडते. त्या पट्टीच्या शुद्ध सप्तकात चारपैकी एकही मोकळी तार बसत नाही.

पांढरी दोन आणि काळी दोन या चार तारांच्या बेसच्या अडचणीच्या पट्ट्या. खालचा सा मोकळ्या ई तारेच्याही खाली जातो. पाच तारांचा बेस हे एक उत्तर. दुसरं, ई तार एक सूर उतरवून पांढरी दोनला आणायची, पण मग त्या तारेवरचं सगळं दोन फ्रेट पुढे सरकतं आणि फर्माइशींच्या गडबडीत हात चुकतो. तिसरं उत्तर सगळ्यात स्वस्त: वरचाच सा वाजवायचा. समोरच्या खुर्चीतल्या कोणाला तो खालचा सा हवा होता असं सहसा आढळत नाही.

कीबोर्डवाल्याशी बोलणं सरावातच उरकावं. बेसवाला नसताना बेस त्याच्या डाव्या हातात असतो, आणि ती सवय बेसवाला आला म्हणून सुटत नाही. दोघांनी खालचे सूर धरले की ते सूक्ष्म फरकाने एकमेकांवर घासतात आणि साउंडवाला दोघांनाही खाली ओढतो. “दादा, डावा हात जरा वर ठेवा” एवढं पुरतं.

लावणीत प्रश्न वेगळा. ढोलकीचं डावं तोंड घुमतं, त्याची मींड खालच्या पट्ट्यात फिरते, आणि बेसचा लांब धरलेला सूर नेमका तिच्या अंगावर जातो. तिथे समेवर आखूड सूर, लगेच तळव्याने दाबून टाकलेला, आणि तोडा चालू असताना चक्क हात बाजूला. कोळीगीताच्या सिक्स-एटमध्ये (सहाच्या ठेक्यात) उलट बेसने चाल धरून ठेवावी लागते, कारण ऑक्टोपॅडवाला फिलरच्या मोहात असतो. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांसाठी ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची सेंटीमीटरभर जाड पट्टी सरकवली की सूर आखूड आणि गोल होतो. फेंडर कंपनी एके काळी ब्रिजच्या झाकणाखाली असा फोम लावूनच बेस विकत असे. पेडल घेण्याआधी स्पंज करून पाहावा.

हरितालिका

पिशवी: दोन केबल, सेल, ट्यूनर, ॲलन की, जाड तारांना झेपेल असं कटर, डीआय (बेसचा आवाज मिक्सरला नेणारी डबी), मल्टिमीटर, ॲम्पच्या मागच्या सॉकेटात बसणारा त्याच मापाचा फ्यूज, तीन पिनची एक्स्टेंशन, काळी टेप, प्लॅस्टिकचा कागद. चार किलोच्या बेसला तीन इंच रुंद पट्टा. ऐन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये मालडबा, दुसरा विचार नको. एसटीत आडवा ठेवलेला बेस वर कोणाची तरी बॅग घेऊनच उतरतो.

कार्यक्रमाचा दिवस, दुपार

मांडवात पोचल्यावर आधी वीज पाहायची. जनरेटर, त्यावरून रोषणाई, त्याच फेऱ्यातून स्टेज, आणि तीन पिनच्या सॉकेटात जाड लांब पिनच्या मागे वायरच नाही, हे नेहमीचं. अर्थिंग नसेल तर ॲम्पची गळती बेसच्या तारांवर येते, आणि कोरस म्हणायला ओठ माइकला लागले की झटका. टेस्टर पेटला किंवा न पेटला यावरून काही ठरवू नये, तो अगदी किरकोळ गळतीवरही पेटतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं ब्रिजला. दोन-चार व्होल्ट निघाले तर नोंद घ्यायची. पंचवीस-तीस दिसले तर ॲम्प आणि मिक्सर एकाच अर्थ असलेल्या पॉइंटवर आणेपर्यंत माइकजवळ जायचं नाही. माइकवर स्पंजची टोपी मदत करते, पण तो इलाज नव्हे.

घरघर वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे पांढरी पाच, ४९ हर्ट्झचा. त्याची दुप्पट १०० हर्ट्झ मोकळ्या जी तारेच्या ९८ शेजारी. म्हणजे घरघर जवळजवळ पांढरी पाचच्या सुरात लागते. गाणं काळी चारमध्ये असलं की तीच घरघर अर्धा सूर बेसूर ऐकू येते, आणि जनरेटरवर ताण आला की खाली घसरते.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर गिटारच्या आतलं शिल्डिंग कच्चं आहे. आवाजाचा नॉब शून्यावर नेऊनही राहिली तर केबल, ॲम्प किंवा ग्राउंड लूप (दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने होणारा फेरा). डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघायचं. ते फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या केबलची ग्राउंड तोडतं, म्हणून सुरक्षित. प्लगची तिसरी पिन मोडून घरघर घालवणारे मेकॅनिक गावोगाव आहेत, त्यांच्यापासून लांब राहावं. जॅझ बेस या दोन पिकअपच्या मॉडेलवर दोन्ही पिकअपचे (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकांचे) आवाज सारखे ठेवले की घरघर निम्म्याहून खाली जाते. एक कमी केला की परत येते.

साउंडचेक

स्टेज पाटांचं आणि आतून पोकळ असेल तर ॲम्प खाली ठेवला की एखादाच सूर ढोलासारखा उठतो. खुर्चीवर ठेवावा आणि थोडा मागे कलता, म्हणजे मधला पट्टा गुडघ्यांऐवजी कानांकडे येतो. साउंडवाल्याकडे मागण्या तीनच: ४० हर्ट्झखालचं कापा, २५० च्या आसपास थोडं कमी करा, आणि बोटांचा स्पर्श कळत नसेल तर ७००-८०० ला किंचित वाढवा. उघड्या मैदानात खालचा आवाज विरून जातो, पत्र्याच्या मांडवात तोच खणखणत फिरतो, त्यामुळे कालच्या गावातलं सेटिंग आज उपयोगाचं नाही. दोन ८ ओहमचे कॅबिनेट जोडले की ४ ओहम होतात, ॲम्पवर तेवढं लिहिलेलं आहे का बघावं. मध्ये गिटारची बारीक केबल चालत नाही, स्पीकरचीच लागते, नाहीतर ती तापते.

रात्री

ध्वनिक्षेपक दहाला बंद. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशी बारा. म्हणून यादीतली बेसची जमेची गाणी शेवटी ठेवू नयेत, ती कापली जातात. तारा खालूनसुद्धा पुसायच्या, घाम खाली साठतो. ओली पिशवी बंद ठेवायची नाही. आवरताना डीआय सगळ्यात आधी उचलायचा. काळी डबी काळ्या केबलांबरोबर साउंडवाल्याच्या पेटीत जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती पेटी दुसऱ्या तालुक्यात असते.