डिस्क तीच, स्टिकर वेगळा

"सर, आत डिस्क तीच आहे. वरचा स्टिकर आणि फर्मवेअर, एवढाच फरक."

सर्व्हरच्या हार्ड डिस्कची दोन कोटेशनं घेऊन आलेल्या मुलाने हे इतक्या सहज सांगितलं की मी दोन्ही कागद पुन्हा बघितले: एक सर्व्हर कंपनीच्या स्टिकरच्या डिस्कचा, एक बाहेरच्या डिस्कचा. पहिला दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट!

तो खोटं बोलत नव्हता. सर्व्हर कंपन्या हार्ड डिस्क स्वतः बनवत नाहीत. सीगेट, तोशिबा, वेस्टर्न डिजिटलकडूनच घेतात. पण 'एवढाच' म्हटलेल्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, खरी मेख. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला धडपडत बसते आणि रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं सर्व्हरमधलं कार्ड) तिला मेलेली समजून बाहेर काढतो. बाहेरून घ्यायची तर निदान एंटरप्राइझ, म्हणजे सर्व्हरसाठीच बनवलेली डिस्क घ्यावी.

अर्थात, बाहेरच्या डिस्कवरची कंपन्यांची प्रत्येक बंदी तांत्रिक कारणासाठीच असते असंही नाही. डेलने २०१० साली नव्या रेड कंट्रोलरवर बाहेरच्या डिस्क अडवल्या, ग्राहक ओरडल्यावर माघार घेतली. नेटवर्कवरचे स्टोरेज बॉक्स बनवणाऱ्या सिनॉलॉजीचंही २०२५ मध्ये तेच झालं.

मी बॅकअप सर्व्हरला स्वस्तातली सुचवली, एक जादा डिस्क कपाटात ठेवून. डेटाबेसला मात्र कंपनीचीच. रात्री दोन वाजता कंपनीच्या सपोर्टकडून "हा पार्ट आमचा नाही" हे ऐकून वाद घालायची ताकद माझ्यात नाही.

तुमच्याकडे हे कोण ठरवतं, आयटी की अकाउंट्स?