आमची वाटचाल : चौदा तावदानं आणि निळी काच

आजोबा तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात फुंकणीवर होते. लोकांच्या एकेका पैशातून १९०८ साली उभा राहिलेला तो कारखाना. आमच्या घरी काच म्हणजे फुंकायचीच वस्तू. म्हणून २००६ साली मी पुण्यात धायरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगीत काच कापून शिशात बसवायला लागलो, तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे खिडकीवालाच ना?"

हत्यारं म्हणाल तर तेलाचा कटर, दोन पकडी, साठ-चाळीसचं म्हणजे साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं असलेलं सोल्डर आणि एक जुनी भट्टी. कटर ओढताना एकसारखी चर्र ऐकू यायला हवी. ओढलेल्या रेघेवरून पुन्हा कटर फिरवणारा मुलगा मी कामावर ठेवत नाही.

पहिलं काम लक्ष्मी रोडच्या चष्मेवाल्या काकांचं, दुकानाच्या दाराचं. पुढची काही वर्षं देवघरं, जिन्याच्या खिडक्या, चालायचं.

मग २०१४. एका हॉटेलची चौदा तावदानं, सगळं भट्टीत वितळवून जोडायचं काम. दोन काचा एकजीव करायच्या तर दोन्ही सारख्याच फुगल्या-आकसल्या पाहिजेत, हे या धंद्यात कुणाला सांगायला नको. काच तापल्यावर किती फुगते त्याचा एक आकडा असतो. व्यापारी म्हणाला, सगळी नव्वदचीच आहे. खोक्यावर आकडाही तोच होता. बसवल्यावर पंधराव्या दिवशी पहिला तडा गेला. कुणी हातही लावला नव्हता. दिवाळीपर्यंत अकरा गेली.

हॉटेलवाले म्हणाले, तुमची भट्टी कच्ची. मलाही तेच वाटलं. थंड करायचा वेळ दुप्पट केला, रात्री भट्टीशेजारी झोपलो. तरी तडे ते तडेच.

एका रविवारी चष्मेवाले काका खिशात पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेचा उजेड सोडणारी, भिंगं घेऊन आले. काच उजेडात धरली, एक भिंग पुढे, एक मागे, आणि पुढचं फिरवत नेलं तोवर सगळं काळं झालं. फक्त निळ्या तुकड्यांभोवती चंद्राला पडतं तसं पांढरं खळं! खळं म्हणजे तिथे काच ताणात. निळी काच वेगळ्याच जातीची होती, तिचं फुगणं-आकसणं बाकीच्यांशी जुळत नव्हतं. भट्टी बिचारी निर्दोष.

व्यापारी म्हणाला, "काचेची गॅरंटी नसते, साहेब." आगाऊ रक्कम परत करताना बायकोच्या पाटल्या गेल्या. आणि ते काम कुणी उचललं? लाइटबिल परवडत नाही म्हणून मला सोडून गेलेल्या माझ्याच जुन्या भागीदाराने. साध्या काचेवर रंगीत फिल्म, वर शिशाची चिकटपट्टी. पाटीवर मात्र 'स्टेन्ड ग्लास'! त्या महिन्यात काकांनी दोन कपाटांची दारं करायला सांगितली. त्यांना दारांची गरज नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दुकानात तावदानावरून बोट फिरवा. पट्टीखाली काच सलग लागली, तर ते चिकटकाम. शिकणाऱ्यांनी नवी शीट आली की आधी बोटभर तुकडा वितळवून बघावा. तुकडा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यापुढे धरायचा, पोलराइज्ड गॉगल पडदा काळा होईपर्यंत फिरवायचा आणि खळं दिसतं का बघायचं, एवढ्यावर भागतं.

गेल्या मे महिन्यात हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. पश्चिमेच्या उन्हाने फिल्मला फुगे आलेत म्हणे. मी दर सांगितला, आणि सगळे पैसे आधी मागितले. अजून उलट फोन नाही. काकांची दोन्ही भिंगं भट्टीशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहेत.