नववीच्या सुट्टीत शेतावर काम मिळवताना

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत शेतावर काम करायचे आणि त्या पैशांतून आईच्या शिलाई मशीनला मोटर बसवायची, असे मी ठरवले होते. द्राक्षबागांची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) आणि टोमॅटोची खुडणी या काळात नाशिक जिल्ह्यात एकदमच चालू असते, त्यामुळे काम सहज मिळेल अशी माझी समजूत होती.

आम्ही पंचवटीत राहत असल्याने पहिल्या दिवशी मी सकाळी सहालाच पेठ नाक्यावर जाऊन उभा राहिलो. पेठ, सुरगाण्याकडून आलेले मजूर तिथे थांबतात आणि बागायतदार पिकअप घेऊन त्यांना न्यायला येतात. एका मुकादमाने माझा तळहात उलटसुलट करून पाहिला आणि ‘घट्टे नाहीत, बाळा, घरी जा,’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी मात्र एका बागायतदाराने अर्ध्या हजेरीवर, म्हणजे दिवसाच्या अर्ध्या मजुरीवर, मला घेतले. छाटलेल्या काड्या वेचायचे काम ठरले होते, पण दुपारी माझ्या हातात पेस्टचा डबा आला. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, आणि हे रसायन कातडीला लागले तर ती भाजून निघते. मोठ्या मजुरांना हातमोजे होते, माझ्यासाठी नव्हते. शेजारच्या ओळीतल्या आजी म्हणाल्या, ‘लेकरा, तो डबा खाली ठेव.’ मी डबा ठेवून निघालो, तेव्हा सकाळच्या कामाचेही पैसे मला मिळाले नाहीत. त्याचा राग आजही गेलेला नाही.

हे सारे मी वर्गशिक्षकांना सांगितले. त्यांनी १९८६ च्या बाल व किशोरवयीन कामगार कायद्याची आणि त्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीची माहिती दिली. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक नसलेले काम करता येते. परंतु सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नाही, सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती मिळालीच पाहिजे, आणि ती धरूनही दिवस सहा तासांपेक्षा मोठा असता कामा नये. मला चौदा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

मग मी दिंडोरी तालुक्यात मामाकडे गेलो. मामा मला ओळखीच्या टोमॅटो उत्पादकाकडे घेऊन गेला आणि काम पाहण्याआधीच बोलणी झाली. त्या उत्पादक काकांनी जन्मतारखेसाठी माझे आधार कार्ड पाहिले. आठ ते अकरा आणि बारा ते दोन अशी वेळ ठरली, फवारणी चालू असलेल्या वावरात मी जायचे नाही हे मामाने दोनदा बजावले, आणि आठ तासांच्या पूर्ण हजेरीच्या हिशेबाने पाच तासांचे पैसे मिळतील असे काकांनी कबूल केले. माझ्या मते ही पंधरा मिनिटांची बोलणी सर्वांत महत्त्वाची होती. नाक्यावर एकटा उभा असताना मला हे काहीच विचारता आले नसते.

काम अवघड नव्हते, पण बारीक नजर ठेवावी लागत होती. लांबच्या बाजारात जाणारा माल पूर्ण लाल होऊ द्यायचा नाही, रंग धरू लागलेले फळच खुडायचे, आणि क्रेटमध्ये ते टाकायचे नाही, ठेवायचे. वीस किलोचे भरलेले क्रेट मोठी माणसे उचलत. तासाभरात झाडाच्या रसाने बोटे हिरवीकाळी होत आणि साबणाने धुतली की हिरवा फेस येई. तिथल्या बायकांनी मला कच्चा टोमॅटो फोडून हातांना चोळायला शिकवले; त्याने हात खरोखर स्वच्छ होतात.

मी अकरा दिवस गेलो. शेवटच्या दिवशी काकांनी हजेरीची वही माझ्यापुढे ठेवली, प्रत्येक दिवसाचे तास मला मोजायला लावले, आणि पैसे हातात दिल्यावर माझ्या नावापुढे माझी सही घेतली. मोटर त्याच आठवड्यात बसली.