चालती ऑटोमॅटिक काढून गिअर का टाकले?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो. दर गणपतीला आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "अहो, तिकडे पुण्यात लोक गिअरच्या गाड्या विकून ऑटोमॅटिक घेतायत, आणि तुम्ही अमेरिकेत राहून चालती ऑटोमॅटिक काढून गिअर टाकलेत? तेही घरी?"

गाडी आहे १९६७ची फोर्ड मस्टँग कूपे, २८९ घनइंचांचं व्ही-एट इंजिन. कारखान्यातून ती सी-फोर नावाची तीन गिअरची ऑटोमॅटिक घेऊन आली. सी-फोर दणकट असते, तिला नावं ठेवणार नाही. पण तिचा तिसरा गिअर सरळ एकास एक, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीला गिअरबॉक्समागच्या दांड्याची एकच फेरी, आणि त्याच्या वरचा गिअर नाही. माझ्या मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ३.२५, म्हणजे चाकाच्या एका फेरीला त्या दांड्याच्या सव्वातीन, त्यामुळे हायवेवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास घोंघावत राहायचं. मी बसवला टी-फाइव्ह, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या पाच लिटर मस्टँगचा पाच गिअरचा बॉक्स. त्याचा पाचवा ०.६८. तोच वेग आता १,९००च्या जवळपास मिळतो आणि शेजारी बसलेल्याशी बोलता येतं.

हा झाला हिशेब. खरं कारण विचाराल तर मी गाडी शिकलो पद्मिनीवर, स्टिअरिंगजवळच्या दांडीने गिअर टाकत. डाव्या पायाला काम नसलं की मला आपण गाडी चालवतोय असं वाटतच नाही.

आता घरी होतं का? होतं. पण लोकांना वाटतं तसा त्यात गिअरबॉक्स हा मुख्य प्रश्न नाही. टी-फाइव्ह ३४-३५ किलोचा, उतरवलेल्या सी-फोरपेक्षा बराच हलका. खरं काम त्याच्या अवतीभवतीचं.

पेडल घ्या. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं, ते काढून अरुंद ब्रेक आणि क्लच अशी जोडी बसवायची. त्यासाठी स्टिअरिंग कॉलम खाली सोडायचा, सीट काढायची आणि डॅशबोर्डखाली उताणं पडून, पाय मागच्या सीटकडे टाकून पाना फिरवायचा. सगळ्या कामात कंटाळा येतो तो इथे. पुढे पेडलपासून क्लचपर्यंत जोर पोचवायला इंजिन आणि चासी यांच्यामध्ये एक आडवा दांडा लागतो. त्याचं चासीकडचं ब्रॅकेट ऑटोमॅटिक गाडीत नसतं.

मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक. इंजिनाचा तोल साधायला त्याच्या एका बाजूला जास्तीचं वजन ठेवलेलं असतं. जुन्या २८९चा हा समतोल २८ औंसांचा, नंतरच्या पाच लिटर इंजिनाचा ५० औंसांचा. भंगारातून टी-फाइव्ह घेतलात तर त्याच्यासोबत बहुतेक ५०चं फ्लायव्हील गळ्यात मारतात. भोकं जुळतात, बोल्ट बसतात, आणि इंजिन चालू केलं की आरसा थरथरायला लागतो. नवं घ्यायचं ते २८ औंसांचंच.

आणि आता ते काम, जे बहुतेक लोक गाळतात. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं घंटेसारखं कवच, इंजिनावर बसवलं की त्याचं मधलं गोल भोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बरोबर मध्याशी आहे का, हे पाहावं लागतं. फ्लायव्हीलवर डायल गेज, म्हणजे बारीक फरक मोजणारं घड्याळ, लावायचं, त्याची सुई भोकाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि क्रँक पान्याने हळूहळू फिरवायचा. फिरवताना सुई पाहत राहायची. मध्यापासूनचा फरक पाच थाऊ, म्हणजे ०.००५ इंच, याच्या आत हवा. लक्षात घ्या, सुईवर दिसतो तो आकडा फरकाच्या दुप्पट असतो. जास्त निघाला तर मध्य सरकवलेल्या डॉवेल पिना (हाउसिंगची जागा पक्की धरणाऱ्या खुंट्या) मिळतात, त्या घालून पुन्हा मोजायचं. आमच्याकडे हा सगळा सोहळा दुपारभर चालला. शेजारी डोकावून विचारून गेला की काही बिघडलं का! पण हे न करता बॉक्स चढवला तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिरका फिरतो, त्याचं टोक धरणारं पायलट बेअरिंग खातो, गिअर आपोआप सुटायला लागतात आणि शिव्या मात्र गिअरबॉक्सला बसतात.

बॉक्स चढवताना शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटमध्ये हाताने सरकल्या पाहिजेत. शेवटचा अर्धा इंच राहिला की बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. नाही म्हणजे नाही, हाउसिंगचा कान तुटतो. आणि गाडीखाली शिराल तेव्हा चारही कोपऱ्यांना स्टँड हवेत, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

बारीकसारीक बरंच राहतं. सी-फोरला जाणारी व्हॅक्यूमची नळी इंजिनाकडून बंद करायची, नाहीतर आयडलिंग बसत नाही. रेडिएटरमध्ये ऑटोमॅटिकचं तेल थंड करणाऱ्या दोन लाइनी असतात, त्यांची तोंडं बुजवायची. पार्क-न्यूट्रलच्या स्विचची वायर नुसती जोडून टाकली की गाडी कुठल्याही गिअरमध्ये स्टार्टर घेते, म्हणून मी तो स्विच क्लच पेडलवर नेला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट मोजून बाहेर बॅलन्स करून घेतला, ते घरचं काम नव्हे. गंमत म्हणजे माझ्या टी-फाइव्हमध्येही ऑटोमॅटिकचंच तेल पडतं.

किंमत कमी होईल का, असंही विचारतात. १९६७ साली चार लाख सत्तर हजारांवर मस्टँग बनल्या, त्यात माझी अगदी साधी. दुर्मीळ इंजिनाची, इंजिन-गिअरबॉक्सचे मूळ नंबर जुळणारी गाडी असती तर मी हातही लावला नसता. टायर जाळायची हौस असेल त्यांनीही टी-फाइव्हच्या वाटेला जाऊ नये, याहून भक्कम बॉक्स मिळतात.

दारावरच्या कारखान्याच्या माहितीपट्टीवर अजून सी-फोरची खूण, डब्ल्यू हे अक्षर, आहे, तो मी तसाच ठेवलाय. सी-फोरही कोपऱ्यात आहे, बोल्ट पिशव्यांत घालून, वर चिठ्ठ्या लावून. कुणाला हवी असेल तर सांगा, फक्त उचलायला दोघं या.