विमान किती जुनं आहे ते नंतर विचारा: माझा पायलट ट्रेनिंगचा अनुभव

कोथरूड-कर्वेनगरातल्या ओळखीतून अधूनमधून फोन येतात. मुलीला किंवा मुलाला पायलट व्हायचंय, माहिती हवी असते. दोन प्रश्न ठरलेले: खर्च किती, आणि ट्रेनिंगची विमानं जुनी असतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. सेसना १७२ तर १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि त्याच घराण्यातल्या सेसना १५२ वर मी शिकले. पण विमानाच्या वयाची काळजी करणाऱ्यांनी ते सांभाळतं कोण हे आधी विचारावं, असं मला ट्रेनिंग संपल्यावर अगदी मनापासून वाटतं.

मेडिकल आणि डीजीसीएचे (देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे) पेपर यावर फार लिहीत नाही. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. ७० टक्क्यांना पास. पुण्यात घरी राहून, क्लास लावून ते होतात. खरी परीक्षा २०० तासांच्या उड्डाणाची.

माझ्या आईला एकच धास्ती होती: एकच इंजिन, ते बंद पडलं तर? मला त्याची तेवढी भीती वाटली नाही, कारण कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाऊन आले होते. विंच दोराने ओढून वर नेतो, दोर सुटतो, आणि इंजिन नसलेलं विमान मजेत तरंगत राहतं. १५२ ग्लायडरइतकं लांब जात नाही, पण इंजिन बंद असताना ६० नॉट्सचा (ताशी साधारण ११० किमी) वेग धरला तर उंचीच्या हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किमी) सरकतं. तेवढ्यात उतरायला शेत निवडायचं असतं. ऊस उभा आहे की नांगरट झालीय, विजेच्या तारा कुठून गेल्यात, वारा कुठला, हे शिकवणारे सर प्रत्येक सॉर्टीत, म्हणजे उड्डाणात, विचारायचे. आजही एसटीच्या खिडकीतून शेतं दिसली की मी त्यातलं एक निवडते.

इंजिनाबद्दलचा विश्वास मात्र जमिनीवरच तयार झाला. १५२ चं इंजिन चार सिलिंडरचं, ११० हॉर्सपॉवरचं, हवेने थंड होणारं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. बॅटरी पूर्ण गेली तरी ते चालतात. टेकऑफआधी रन-अपमध्ये, म्हणजे जमिनीवरच इंजिन तपासताना, १७०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचं. आरपीएम १२५ पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोघांतला फरक ५० च्या आत हवा.

एका सकाळी उजव्या मॅग्नेटोवर आरपीएम दोनशेच्या आसपास कमी झाले आणि विमान थरथरायला लागलं. मिक्स्चर लीन करून (हवेच्या मानाने इंधन कमी करून), आरपीएम वाढवून थोडा वेळ इंजिन चालवलं. कधीकधी प्लगवरची घाण त्याने जळून जाते. पुन्हा तपासलं, तेच. सर म्हणाले, "काय करायचं, तू सांग." मी म्हटलं, "परत जाऊ, सर." त्यांनी मान डोलावली आणि आम्ही वळलो.

हँगरमध्ये इंजिनिअरकाकांनी खालचा प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. इलेक्ट्रोडच्या फटीत ज्वारीच्या दाण्याएवढा राखाडी मणी अडकला होता. "शिसं," ते म्हणाले. आपल्याकडचं निळं एव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, शिसेयुक्त असतं, त्याचंच ते. प्लग साफ करून, तपासून, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दुरुस्तीच्या वहीत, नोंद आणि सही झाल्यावरच विमान बाहेर आलं. ती नोंद मी वाचली, आणि तेव्हापासून कुठल्याही विमानात बसण्याआधी त्याच्या टेक लॉगची मागची पानं वाचते.

पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलंय का हे तळाचं इंधन काढून बघणं आणि कार्ब्युरेटरमधल्या (हवा-इंधन मिसळणाऱ्या भागातल्या) बर्फावर लक्ष ठेवणं, ही दोन कामं अधिक. बाहेर पंचवीस अंश असतानाही दमट हवेत तिथे बर्फ धरतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात वेगळंच. आपलं पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. ४० अंश तापमानात हवा इतकी विरळ होते की विमानाला साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. दोघं बसलेलं १५२ मे महिन्याच्या दुपारी फार सावकाश चढतं. त्यात बिघाड काही नसतो. म्हणून पहाटेच्या सॉर्टीसाठी आम्ही सगळे धडपडायचो.

मला खरा त्रास झाला तो विमानं उभी राहण्याचा. मी जिथे सुरुवात केली त्या शाळेच्या माहितीपत्रकात भरपूर विमानं होती, उडणारी थोडीच. सुटा भाग यायची वाट बघत आठवडे जायचे आणि एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावला जायचा. फी आधीच भरलेली. सीपीएलचा (कमर्शियल पायलट लायसन्सचा) अर्ज करताना शेवटच्या सहा महिन्यांत पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार वैमानिक) म्हणून किमान १५ तास लागतात, त्यामुळे उशीर झाला की झालेलं उड्डाणही पुरेनासं होतं आणि खर्च वाढतो. कर्ज काढलेल्या घरांची यात काय ओढाताण होते ते मी मित्रमैत्रिणींकडे जवळून पाहिलंय, आणि त्याचा मला अजून राग येतो.

म्हणून फोन करणाऱ्यांना सांगते: प्रवेश घेण्याआधी दोन दिवस तिथे जाऊन बसा. सकाळी सातला किती विमानं खरोखर हँगरबाहेर येतात ते मोजा. लायसन्स असलेले इंजिनिअर किती, दर ५० आणि १०० तासांच्या उड्डाणानंतरची तपासणी तिथेच होते की विमान दुसरीकडे न्यावं लागतं, हे विचारा. सध्या शिकणाऱ्या मुलांना गाठून गेल्या महिन्यात प्रत्येकी किती तास झाले ते लॉगबुकात बघा. आणि पैसे एकरकमी भरू नका. झालेल्या तासांप्रमाणे हप्ते लेखी ठरवून घ्या.